हर्नियाच्या ऑपरेशनला टाके बरे की ग्लू? डाग कशाने कमी राहतो?

वडिलांच्या हर्नियाला सर्जन 'विरघळणारे टाके घालू की ग्लू लावू' विचारतायत आणि तुम्हाला काळजी डागाची! जांघेतला डाग बघणार कोण? पण ग्लूचं, म्हणजे कातडी चिकटवायच्या औषधी गोंदाचं, नाव निघालं की मला राहवत नाही. नाशिकमध्ये ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर होते, आता निवृत्त.

आमच्या थोरल्या दिरांची, दादांची, निफाडकडे द्राक्षबाग आहे. गुडघ्यावरची चरबीची गाठ काढायची ठरली ती नेमकी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर. टाके काढायला परत नाशिकला खेप नको म्हणून त्यांनीच ग्लूचा हट्ट धरला. मी म्हटलं, "दादा, गुडघा वाकतो. तिथे नायलॉनचे टाके घ्या आणि १४ दिवस राहू द्या." त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हिला जुनंच बरं वाटतं." लावला ग्लू. दिसायला देखणा, फिकट जांभळा, चकचकीत. आठवडा व्हायच्या आत दादा छाटलेल्या काड्या गोळा करायला उकिडवे बसले. मी पाहिलं तेव्हा पापुद्रा कडेने पांढरा पडून उचलला होता, आतले बारीक टाके तुटले होते आणि मधोमध जखमेने तोंड उघडलं होतं. चौकशी केली तर जाऊबाई त्यावर रोज मलम चोळत होत्या! मलमाने ग्लू सुटतो, हे ओटीतल्या मावशीसुद्धा सांगतील. तरी अजून लग्नकार्यात ऐकवतात, "हिने पट्टी ओढली म्हणून उकललं." पट्टी होती कुठे?

आठवड्याभराच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम ३ ते १० टक्के ताकद असते. ३ महिन्यांनी फार तर ८०. आणि ग्लू साधारण ५ ते १० दिवसांत गळून पडतो. म्हणजे भार पेलायचा तो आतल्या टाक्यांनी. आत नीट थर शिवलेले असतील, जागा ताणाची नसेल, तर वर ग्लू खुशाल लावा. हर्नियाचं तसंच आहे. कातडीच्या आतून मोनोक्रिलचा (विरघळणाऱ्या धाग्याचा) सलग टाका आणि वर ग्लू, हे मी डोळे झाकून घेईन. डागात वर्षभराने फारसा फरक उरत नाही. डाग बिघडतो तो ताणाने आणि पू झाल्याने.

पिनांचं (कातडीला मारायच्या स्टेपलरच्या पिना) तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. मारायला झटपट, डोक्याच्या कातडीला उत्तम. काढायची पकड पिनेखाली सरकवून दाबली की मधला भाग वाकतो आणि दोन्ही टोकं आपोआप वर येतात, फार दुखत नाही. सिझेरियनला मात्र टाकेच घ्या. पिनांनी जखम उकलण्याचं प्रमाण जास्त, हे अभ्यासांतही दिसलंय. चेहऱ्यावरचे टाके ५ दिवसांत काढा, नाहीतर रुळांसारख्या खुणा राहतात.

हां, ग्लू वाईट नाही हो. पोराच्या कपाळाला छोटी खोक पडली तर सुईविना काम होतं. वडिलांना शुगर असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर जखम उशिरा भरते, ते सर्जनना आधी सांगा. कुणाकुणाची कातडी मुळातच गाठीसारखी वाढते, तिथे टाके काय नि ग्लू काय.

आणि विडी असेल तर ती आजच बंद करायला लावा. खोकल्याचा दणका थेट जांघेत बसतो.