गावाच्या नावाचा माग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या गावाच्या (ता. पारोळा) नावात सातबाऱ्यावर ‘ळ’ आहे, पण म्हातारी माणसं ‘य’ म्हणतात. खरं कोणतं? शोधाला सुरुवात कुठून करायची?

उत्तर: अर्थ शेवटी. आधी नावाची जुनी रूपं सालासकट एका वहीत उतरवा.

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: काळा-काया, धुळे-धुये, अमळनेर-अमयनेर. म्हणजे तुमचा ‘य’ बहुधा ‘ळ’च. पण उलटंही घडतं. मूळचाच ‘य’ असलेलं नाव कारकून ‘शुद्ध’ करतो आणि ‘ळ’ बसवतो. इथे इंग्रजी कागद कामाला येतात. त्यांत ल-ळ, द-ड यांतला फरक कळत नाही, पण ‘एल’ आणि ‘वाय’ वेगळे दिसतात. १८८० चं खानदेश गॅझेटियर आणि भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गाव नकाशा आधी पाहा.

मोडी कागदांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि पुण्याचं पुराभिलेखागार. मोडीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर निष्कर्ष उभारू नका. शब्द सलग लिहिलेले असल्यामुळे नावाचं शेवटचं अक्षर पुढच्या शब्दाला चिकटतं. एकाच कागदात नाव दोन-तीनदा आलं असेल, तर सगळ्या जागा ताडून पाहा.

‘नेर’ हे ‘नगर’चं झिजलेलं रूप: नगर, नयर, नेर. ते सुटलं की उरलेला भाग सोपा वाटतो आणि तिथेच घसरायला होतं. आपल्याकडे पेरूला जाम म्हणतात, म्हणून जामनेर म्हणजे पेरूंचं गाव? पेरू मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आलेला. सोळाव्या शतकाआधीचा एक उल्लेख सापडला, की ही व्युत्पत्ती कोसळली. सालं लिहायची ती यासाठी.

एका फर्मानातल्या नावावरही भुलू नका. १६०१ मध्ये असिरगड घेतल्यावर अकबराने मुलाच्या, दानियालच्या, नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ केलं. लोकांनी ते उचललं नाही.

प्रश्न: शिरसोली प्र.न. आणि शिरसोली प्र.बो. यांतलं ‘प्र.’ काय?

उत्तर: प्रगणे, म्हणजेच परगणा, जुना महसुली विभाग. पुढचं अक्षर त्या परगण्याच्या नावाचं. एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखू यावीत म्हणून ही खूण. जुन्या दप्तरात गाव आजच्या तालुक्याखाली न शोधता परगण्याखाली शोधा, नाहीतर ‘नोंद नाही’ म्हणून परत याल. जिल्ह्याचंही तेच: १९०६ पर्यंत सगळं खानदेश, मग पूर्व (जळगाव) आणि पश्चिम (धुळे). नंदुरबारचे कागद १९९८ पर्यंत धुळ्याच्या नावावर. मुक्ताईनगर ‘एदलाबाद’खाली पाहायचं.

बुद्रुक-खुर्द हे फारसीतले बुजुर्ग (मोठा) आणि खुर्द (लहान). आज खुर्दची वस्ती जास्त असली तरी गोंधळू नका, नावं जुन्या मापाची आहेत.