मुक्या अल्को मॉडेलमध्ये डब्ल्यूडीएम-२ सारखा आवाज कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या भावानं एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७) अल्को या अमेरिकन कंपनीच्या सी-६२८ डिझेल इंजिनाचं मॉडेल पाठवलंय, डब्यावर ‘डीसीसी रेडी’ छापलंय, पण इंजिन मुकं आहे, आणि तुम्हाला त्यातून भारतीय रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचा आवाज हवाय.

नशीबवान आहात. भावानं कुठलंही दुसरं मॉडेल पाठवलं असतं तर मी ‘तडजोड करा’ म्हणालो असतो. डब्ल्यूडीएम-२ मूळ अल्कोचंच. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, मग वाराणसीत बनू लागली. पोटात १६ सिलिंडरचं २५१ जातीचं इंजिन, २६०० अश्वशक्तीचं. सी-६२८ मध्येही तेच १६ सिलिंडरचं २५१, फक्त २७५० अश्वशक्तीचं. बाहेरून चेहरा वेगळा, पण गळा एकच.

डीसीसी म्हणजे रुळांतूनच डिजिटल आदेश पाठवून मॉडेल चालवायची पद्धत. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे आत फक्त सॉकेट आहे, ते आदेश वाचून मोटर आणि आवाज चालवणारा डिकोडर तुम्ही घ्यायचा. ईएसयूचा लोकसाउंड किंवा साउंडट्रॅक्सचा त्सुनामी-२, दोन्ही चांगले. घेताना आत अल्को २५१ चा आवाज आहे ना, एवढं बघा. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाचा घेतलात तर डब्ल्यूडीपी-४ सारखी टू-स्ट्रोकची घुमघुम येईल, आणि अल्कोची ती अडखळत चालणारी धकधक ज्याच्या कानात बसलीय त्याला ते दोन सेकंदांत खटकेल. कंट्रोलरही डीसीसीचाच हवा. जुन्या, नॉब फिरवायच्या ट्रान्सफॉर्मरवर आवाज येईल कदाचित, पण हॉर्न तुमच्या हातात राहणार नाही.

आता स्पीकर. लोक डिकोडरवर हजारो रुपये घालतात आणि स्पीकर शेलमध्ये, म्हणजे मॉडेलच्या वरच्या कवचात, नुसता चिकटवून टाकतात. मीही तेच केलं होतं. रात्री जेवणाच्या टेबलावर इंजिन सुरू केलं तर डब्यात डास अडकल्यासारखा आवाज. आई आतून म्हणाली, “तो चार्जर बंद कर, किती किरकिरतोय!” चिडून स्पीकर काढला आणि सहज औषधाच्या बाटलीच्या झाकणावर उपडा दाबून धरला. एकदम छाती भरून आवाज आला! कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. दोन्हीकडची हवा मोकळी मिसळली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. मागची बाजू हवाबंद केली की ते थांबतं. म्हणून ११ गुणिले १५ मिलिमीटरचा ‘शुगर क्यूब’ स्पीकर आणि त्याची छोटी डबी घ्या, आणि डबीची प्रत्येक फट बुजवा. सुईएवढं भोक राहिलं तरी फरक कळतो.

तरीही खऱ्या इंजिनाचा खर्ज येणार नाही. हिशोब करून बघा: आयडलला ४०० आरपीएम, १६ सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला साधारण ५३ ठोके. नखाएवढ्या स्पीकरला ५३ हर्ट्झ कुठून झेपणार? पण वरचे स्वर नीट आले तर खालचा स्वर कान स्वतःच भरून घेतो. मोबाइलवर तबला ऐकताना डग्गा ‘ऐकू’ येतो ना, तसंच. म्हणून आवाज वाढवून खर्ज शोधायला जाऊ नका, नुसती फरफर वाढते. डिकोडरमधल्या आकड्यानं बदलायच्या सेटिंगला सीव्ही म्हणतात; लोकसाउंडमध्ये सीव्ही ६३ म्हणजे एकूण आवाज, कमाल १९२. माझा ७० च्या आसपास असतो. अमेरिकन घंटा मात्र पार शून्यावर न्या, आपल्या इंजिनांना ती नसते.

वायरिंगचं फार सांगत नाही, सॉकेट आहे म्हणजे मोटर चासीपासून वेगळी केलेली असणार. तरी मल्टिमीटर लावून बघा. एका जुन्या इंजिनात मी ते न बघता डिकोडर जोडला, मोटरचा एक ब्रश थेट चासीला टेकलेला होता. तो जळका वास अजून आठवतो, आणि दोष सर्वस्वी माझा. स्पीकरच्या तारांवर कॅप्टॉन टेप (वीजरोधक चिकटपट्टी) लावा, त्यांनी धातूला शिवता कामा नये.

खरी मजा यापुढे आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं, त्याआधी चिपळूणला गाडी सुटताना पाहिली असेल तर आठवा. हॉर्न होतो, इंजिन गुरगुरत चढतं, काळा धूर उसळतो, आणि डबे अजून जागेवरच! मग कुठे कपलिंगचा ठणठणाट होतो. डिझेलमध्ये इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी चाकं फिरवतात, म्हणून आवाजाचा आणि वेगाचा थेट संबंध नाही. उतारावर गाडी जोरात आणि इंजिन आयडलला, असंही होतं. मॉडेलमध्ये आवाज वेगाला बांधलेला राहिला तर ते रिक्षासारखं वाटतं. म्हणून सीव्ही ३ आणि ४ चांगले वाढवा, म्हणजे गाडी जड होते, सावकाश वेग घेते आणि सावकाश सोडते. लोकसाउंडमध्ये ‘ड्राइव्ह होल्ड’ असेल तर तो शिकून घ्या. वेग आहे तिथेच धरला जातो आणि नॉब फक्त इंजिनाचा नॉच (जोराची पायरी) वरखाली करतो. घाट चढतानाचा आठवा नॉच, गाडी मात्र रांगतेय, हे त्यातूनच जमतं. हात बसायला मला दोनेक आठवडे लागले.

रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसत राहा, नाहीतर वीज क्षणभर तुटते आणि चालत्या गाडीचं इंजिन पुन्हा पहिल्यापासून स्टार्ट होतं, फार हास्यास्पद दिसतं. पैसे उरले तर पॉवरपॅक लावा, तो वीज तुटली तरी क्षणभर इंजिन चालू ठेवतो.

पण काहीही मागवायच्या आधी शेल उघडा, मोकळी जागा पट्टीनं मोजा आणि आतला फोटो इथे टाका. स्पीकरसाठी मॉडेलच्या आतल्या धातूच्या वजनाचा तुकडा कापावा लागणार की नाही, ते फोटो बघून सांगतो.