उपदेशकाचा पाचवा अध्याय आणि घरातला पैसा

पैशाबद्दल बायबल काय म्हणते हे मुलांना समजावायचे असेल, तर उपदेशकाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढा आणि तो पहिल्या वचनापासून वाचा. पैशाची वचने दहाव्यापासून येतात, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि अध्यायाचा अर्धा अर्थ हातातून निसटतो. पहिली सात वचने देवासमोर कसे यावे याची आहेत. सांभाळून पाऊल टाक, ऐकायला म्हणून जवळ जा, तोंडाची घाई करू नकोस. देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, तेव्हा शब्द मोजकेच असू देत. त्यातच नवस येतो, मग गरिबांवर होणारा जुलूम, आणि मग पैसा. जो देवापुढे गप्प बसून ऐकायला शिकला, त्यालाच ‘आता पुरे’ हा शब्द उच्चारता येतो, असे या क्रमातून आम्हाला दिसते.

तुम्ही परदेशात राहत असाल आणि मुले तिथल्या भाषेतले बायबल वाचत असतील, तर एक गोष्ट आधी तपासा. हिब्रू मूळ आणि जर्मनसारख्या काही भाषांतरांत आपले ५:१ हे वचन ४:१७ म्हणून छापलेले असते आणि पुढचे सगळे आकडे एकाने मागे सरकतात. आपले ५:१० त्यांच्याकडे ५:९ असते. हे ठाऊक नसले की एकत्र वाचताना निष्कारण गोंधळ उडतो. दुसरी अडचण ‘भय’ या शब्दाची. ‘देवाचे भय धर’ असे सातवे वचन सांगते आणि मुलांना ती धमकी वाटते. मूळ हिब्रू शब्दात धाक आहे तसा आदरही आहे. फार मोठ्या, पवित्र कोणापुढे आपण उभे आहोत याचे भान, असे सांगितले तर ते त्यांना कळते.

नवसाचा भाग घरच्या व्यवहाराला थेट लागू पडतो. नवस केलास तर फेडायला उशीर लावू नकोस. करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असे ४ आणि ५ ही वचने स्पष्ट म्हणतात. सभेत भारावून जाऊन देणगीचा आकडा बोलून टाकायचा आणि महिनाअखेरीस ‘तेव्हा चुकून बोललो’ म्हणायचे, हे सहाव्या वचनाला मान्य नाही. म्हणून आकडा तिथल्या तिथे बोलू नका. घरी या, नवरा-बायको दोघे मिळून ठरवा, रक्कम आणि तारीख लिहून ठेवा, आणि पगार झाल्यावर आधी ती बाजूला काढा. जमणार नसेल तर लहान आकडा बोला आणि तो पूर्ण फेडा.

इथे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली एक सूचना जोडून वाचावी. ‘तुम्हाला मिळाले असते ते मी देवाला अर्पण केले आहे’ असे आईबापांना सांगून त्यांचा आधार काढून घेणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत फटकारले. त्या अर्पणाला ‘कुर्बान’ म्हणत. आईबाप दूर राहत असतील तर त्यांची रक्कम आणि देवकार्याची रक्कम अशा दोन वेगळ्या ओळी लिहा. एकीतून दुसरी भागवू नका.

आता दहावे वचन. पैशावर जीव लावणाऱ्याची पैशाने तृप्ती होत नाही. हे सगळ्यांना पाठ असते, पण व्यवहाराच्या दृष्टीने अकरावे वचन जास्त मोलाचे आहे: माल वाढला की तो खाणारेही वाढतात. पगार वाढतो, घर मोठे होते, मग त्या घराचा विमा, दुरुस्ती, कर, आणि हे सगळे पेलण्यासाठी जास्तीचे तास. मोठी खरेदी करण्याआधी एका कागदावर लिहा की ही वस्तू दर महिन्याला काय खाणार: हप्ता किती, देखभाल किती, आणि त्यासाठी घराबाहेर किती तास. तिसरा आकडा लोक लिहीतच नाहीत, आणि पश्चात्ताप बहुधा त्याचाच होतो. बाराव्या वचनात कष्टकऱ्याच्या गोड झोपेची आणि धनवानाच्या जागरणाची तुलना आहे. रात्री उठून खात्यातली शिल्लक किंवा चलनाचा दर पाहायची सवय लागली असेल, तर हे वचन आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजा.

१३ आणि १४ ही वचने साठवलेले धन एका वाईट व्यवहारात जाऊन मुलाच्या हाती काही न उरल्याचे सांगतात. पुढे ११:२ मध्ये सात जणांना, आठ जणांनाही वाटा दे, असे म्हटले आहे. काही अभ्यासक त्याचा अर्थ दानधर्म असा लावतात, काही जण जोखीम विभागणे असा. दोन्ही अर्थांनी सगळी पुंजी एकाच ठिकाणी अडकवणे शहाणपणाचे ठरत नाही.

समाधानाचा आकडा ठरवायला नीतिसूत्रे ३०:८-९ मधली आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना घ्या. नीतिसूत्रांच्या पुस्तकात प्रार्थना एवढी एकच आहे. दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरते अन्न दे, असे तो मागतो आणि कारणेही देतो: पोट भरले तर ‘परमेश्वर कोण?’ म्हणेन, आणि दरिद्री झालो तर चोरी करीन. त्याला स्वतःच्या दोन्ही कमजोऱ्या ठाऊक आहेत. घरात प्रत्येकाने दोन वाक्ये लिहावीत: जास्त मिळाले तर मी कुठे बिघडतो, कमी पडले तर कुठे. मग महिन्याचा ‘पुरेसा’ आकडा ठरवा, आणि पगारवाढ मिळण्याआधीच त्यावरच्या रकमेचे काय करायचे ते लिहून ठेवा. हातात आल्यावर ठरवायला बसलात की तो आकडा हमखास वर सरकतो.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे अरण्यात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेले अन्न, मुलांना लवकर कळतो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. उद्यासाठी लपवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा आणि तो शब्बाथापर्यंत, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसापर्यंत, टिकत असे. बचत आणि हाव यांतला फरक इतक्या साध्या गोष्टीत क्वचितच सापडतो.

काही चुका नेहमी होतात. द्रव्य हे सर्व वाइटाचे मूळ आहे, असे बायबल म्हणत नाही. १ तीमथ्य ६:१० मध्ये दोष द्रव्याच्या लोभाला दिला आहे. त्याच पत्रात ६:५ मध्ये भक्तीला कमाईचे साधन समजणाऱ्यांवर टीका आहे, आणि लगेच पुढे समाधानासह भक्ती हा मोठा लाभ म्हटला आहे. तेव्हा विश्वास ठेवला की पैसा येतो असे शिकवणाऱ्यांपासून मुलांना जपा. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो’ हे फिलिप्पै ४:१३ वचन परीक्षेत यश मिळावे म्हणून भिंतीवर लावले जाते, पण त्याआधीची दोन वचने भुकेत आणि विपुलतेत राहायला ‘शिकलो’ असे सांगतात. प्रेषित पौल हे बंदिवासातून लिहीत होता, आणि मदत पाठवल्याबद्दल त्याच पत्रात फिलिप्पै गावच्या विश्वासणाऱ्यांचे कौतुकही करत होता. समाधानी माणूस मदत घेऊ शकतो.

आणि समाधानाच्या नावाखाली कोणाचे तोंड बंद करू नका. मजुरी अडवली जात असेल तर याकोब ५:४ त्या मजुराच्या बाजूने उभे राहते. घरखर्चाला पैसे कमी पडतात असे बायको सांगत असेल, तर तिला वचन ऐकवण्याआधी हिशेबाची वही उघडा.

अध्यायाचा शेवट खाण्यापिण्यावर आणि श्रमातल्या आनंदावर होतो. ‘परत गेल्यावर निवांत जगू’ असे म्हणत वर्षे ढकलणाऱ्यांनी १८ ते २० ही वचने सावकाश वाचावीत. तिथे देवाने दिलेले आयुष्याचे दिवस म्हटले आहे, आणि त्या मोजणीत परदेशातले दिवसही धरलेले आहेत. आठवड्यातले एक जेवण ठरवून घ्या: सगळे एकत्र, फोन दुसऱ्या खोलीत, कामाचा आणि पैशाचा विषय बंद.