वाचक विचारतात : आधी तिथी बघा, मग हॉटेल

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी समुद्राचीच. थंडी पडली की नाशिककराला समुद्र आठवतो, दरवर्षीचं आहे हे. आपल्या गोदामाईने त्र्यंबकला उगम पावून सरळ पूर्वेची वाट धरली आणि समुद्र गाठायला अख्खा देश ओलांडला, पण तिच्याच शेजारून निघालेली वैतरणा मुकाट्याने पश्चिमेला उतरून मोकळी झाली. माझं म्हणणं, सहलीच्या बाबतीत आपण वैतरणेचं ऐकावं.

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र, कॉलेजपासूनचे, सगळे चाळिशी ओलांडलेले. तीन वर्षं ग्रुपवर नुसतं "जाऊया रे" चाललंय. आता शुक्रवार ते रविवार कसंबसं जमलंय तर एकाला गोवा पाहिजे, एकाला दिवेआगर, तिसरा गणपतीपुळ्यावर अडून बसलाय. घाटात गाडी चालवणारा मी एकटाच आणि मला तीन दिवस स्टेअरिंगला चिकटून बसायचं नाहीये. जवळात जवळचा निवांत समुद्र सांगा. – इंदिरानगर

उत्तर : तिघांनाही नाही म्हणा आणि डहाणू-बोर्डी धरा. गोवा-गणपतीपुळ्याला तुमचा जायचा एक आणि यायचा एक दिवस गाडीतच जाणार, मग उरलं काय? दिवेआगरही सुंदर आहे, पण तिकडे जायचं म्हणजे कसारा उतरा, भिवंडीच्या ट्रकांमागे रांगा, पनवेल, पुढे परत रस्ता आहेच. डहाणू नाशिकपासून साधारण दीडशे किलोमीटर. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. मधे थांबत गेलात तरी जेवायच्या वेळेला पोचता.

सकाळी मिसळ खाऊन निघा, पण एकच प्लेट हं, पुढे तोरंगण घाट आहे आणि मागच्या सीटवरच्याला तर्री आठवायला लागते. पेट्रोल नाशिकमध्येच फुल्ल करा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून वास सुटतो आणि पाचही जण खाली उतरून बोनेटकडे बघत बसतात, ज्यातलं कुणालाच काही कळत नसतं. जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा बाहेरून बघितलात तरी चालेल, आणि सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले होते असं सांगतात ते शिरपामाळ, तिथे दहा मिनिटं वाऱ्याला उभे राहा. बास. दाभोसा धबधबा वगैरे यादीत घालू नका, ती वेगळी ट्रिप आहे.

चारोटीला मुंबई-अहमदाबाद हायवे लागतो, तिथे जरा जपून, इतका वेळ जंगलातल्या रस्त्याने आलेलं डोकं एकदम ट्रकांच्या स्पीडला जुळत नाही. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला तिची मोठी जत्रा असते, त्या दिवसांत या बाजूला निवांत हा शब्द विसरा.

आता मुख्य मुद्दा, जो कुणी सांगत नाही. तुम्ही हॉटेल बघताय, रेटिंग बघताय, फोटो बघताय, पण तारीख ठरवताना कालनिर्णय बघितलं का? डहाणू-बोर्डीचा किनारा एकदम सपाट आहे, उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, समुद्र कुठाय? माझ्या एका मैत्रिणीने खरंच विचारलं होतं आणि समोर चार म्हशी आणि ओली वाळू होती.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब असा आहे की जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हे अंदाजाचं गणित आहे, अर्धापाऊण तास पुढेमागे होतो, आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे पहाटे-दुपारी दोन्हीकडे तेच लावायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण-पाऊण तास पुढे सरकते म्हणून तर ते पाऊणपट.

म्हणजे बघा काय होतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला, सूर्य बुडतोय आणि पाणी तुमच्या पायाशी. शुद्ध अष्टमी असेल तर अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तोही समुद्रातच उतरतो, गप्पा संपलेल्या नसतात तेव्हा. त्या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा दुपारी पाणी पार सुरूच्या झाडांकडे येतं आणि सूर्यास्ताला लांब पळालेलं असतं, पण मग काळसर, घट्ट, ओल्या वाळूवर चालायला जी काय मजा येते, पाचजण एका ओळीत, चपला हातात. तुमच्या ग्रुपला चालायचंय की बसायचंय ते ठरवा, त्याप्रमाणे तिथी काढा आणि मग हॉटेल. उलटं करू नका. आणि पाण्यात जायचं असेल तर तिथल्या कोळी लोकांना विचारूनच, अंधारात अजिबात नाही, हे गणित पोहण्यासाठी नाहीये.

राहायला डहाणू गावापेक्षा नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा पट्टा बरा. चिकूच्या वाड्या, मधून रस्ता, पलीकडे समुद्र. शनिवारचा अख्खा दिवस रिकामा ठेवा. खरंच रिकामा. कुणी पॉइंटची यादी काढली तर त्याचा मोबाइल डिकीत टाका.

प्रश्न : रीलमध्ये बघितलं की लोक गाडी थेट बीचवर नेतात, लाटांच्या कडेने. आमची नवीन एसयूव्ही आहे. करून बघावं का? – गंगापूर रोड

उत्तर : नको. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी असते ते आहेच, पण मी तुम्हाला माझंच सांगते. आम्ही चौघी, एक किनारा (नाव सांगत नाही, त्या गावाचा काही दोष नव्हता), ओहोटी होती, वाळू सिमेंटसारखी वाटत होती. शंभर मीटर मस्त गेलो, गाणी चालू, एकीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलेलं. वळायला म्हणून जरा थांबले आणि पुढचं उजवं चाक हळूच बसलं. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, ही खरी चूक, चाक जागच्या जागी फिरलं आणि स्वतःची विहीर खणायला लागलं. मग चौघींनी हाताने वाळू उपसली, चाकाखाली पायपुसण्या घातल्या, टायरमधली थोडी हवा सोडली, एकीची ओढणी गेली. गाडी इंचभर पुढे यायची नि दोन इंच खाली जायची, आणि तेवढ्यात लक्षात आलं की लाटांचा आवाज मघापेक्षा जवळून येतोय.

सपाट किनाऱ्यावर भरती समोरून भिंतीसारखी येत नाही हो, ती खळग्या-खळग्यांतून बाजूने येते, आपण पुढे बघत असतो आणि मागे पाणी साचलेलं असतं. शेवटी गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर आणला. दोन हजार घेतले, आणि वर अर्धा तास बोलले, ते मात्र फुकट. दोन्ही रास्त होतं. घरी येऊन गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला आळस केला तर सहा महिन्यांत सायलेन्सरला गंज. एसयूव्ही असली म्हणून काय, जितकी जड तितकी लवकर बसते. रस्त्यावर लावा आणि चालत जा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे दुखतात. ड्रायव्हर घेऊन डहाणूला जायचा विचार आहे. मुलं म्हणतात झेपणार नाही. मुख्य अडचण बाथरूमची आणि गाडी लागण्याची. – कॉलेज रोड

उत्तर : मुलांना म्हणावं तुम्ही डबे घेऊन घरी थांबा. अवश्य जा मावशी. फक्त एका दमात नको, जव्हारला एक रात्र टाका, हवाही छान आणि घाटाच्या वळणांचा शीण एका दिवसात बसत नाही. बाथरूमचं म्हणाल तर नाशिक सोडायच्या आधी, मग त्र्यंबकला, मग जव्हारला, असं गरज असो-नसो जाऊनच यायचं, मधल्या टप्प्यात बरी सोय मिळेलच असं नाही. गाडी लागते ना, तिला पुढे बसवा आणि आलेपाक द्या, उपाशी पोटी नेऊ नका. मोबाइलमध्ये बघत बसणारीलाच जास्त लागते, हे माझं निरीक्षण.

गुडघ्यांना सुकी वाळू वाईट, पाय रुततो. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू त्यामानाने रस्त्यासारखी, मागे बंद असलेल्या सँडल घालून सावकाश चाला. बाहरोटच्या गुंफा मात्र सोडा. पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी तिथे डोंगरात सुमारे १२ वर्षं लपवून ठेवला होता, फार मोठी गोष्ट आहे ती, पण चढ आहे. खालून नमस्कार करा.

त्यापेक्षा दोन गोष्टी कराच. एक म्हणजे चिकूची वाडी. इथल्या चिकूला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. लांब काठीला जाळी लावून एकेक फळ उतरवतात, आपटू देत नाहीत. चिकू झाडावर खाण्याइतका पिकत नाही, उतरवल्यावर काही दिवसांनी मऊ पडतो. घेताना नखाने हळूच ओरखडा काढून बघा (वाडीवाल्याला विचारून, नाहीतर ओरडतो), आत हिरवं दिसलं तर कोवळा, तो पिकला तरी बेचव. पिवळसर दिसला तर तयार. आणि घरी आणून कडक चिकू लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका, थंडीने तो नीट पिकतच नाही.

दुसरं, वारली चित्रं. याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, २०११ साली पद्मश्री मिळालेले. घरातल्या बायकांनी लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रं त्यांनी कागद-कापडावर आणून जगभर पोचवली. आता त्या भागात बरेच कलाकार काढतात. समोर बसून बघायला मिळालं तर घासाघीस न करता एखादं घ्या. बांबूच्या काडीने ते ठिपके कसे देतात ते बघताना तुम्हाला गुडघे आठवणार नाहीत.

आणि मांसाहारी असाल तर सकाळी कोळीवाड्याच्या बाजूला एक चक्कर. बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यावर बोंबील सुकत घातलेले, पण चिमटा नाही, गाठ नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हात इतके पटापट चालतात बायकांचे की तीनदा बघूनही मला कळलं नव्हतं. वास येतो, त्याला इलाज नाही. सुके बोंबील घेतलेत तर तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर ड्रायव्हर परत येणार नाही तुमच्याबरोबर.

प्रश्न : आमच्यात एकजण दर ट्रिपला "तू भर रे, नंतर देतो" म्हणतो. नंतर कधी येतच नाही. मैत्री पण मोडायची नाहीये. – सिडको

उत्तर : त्यालाच खजिनदार करा. निघायच्या आधी सगळ्यांनी सारखी रक्कम त्याच्याकडे जमा करायची, त्याने स्वतःची पण सगळ्यांसमोर घालायची, आणि टोल-चहा-पेट्रोल सगळं त्याने द्यायचं. आमच्या ग्रुपमधली अशीच एक आता इतकी कडक झालीये की दुसरा चहा मागायची चोरी.

प्रश्न : आमचा एक मित्र बोरिवलीला असतो. त्याला घ्यायला मुंबईला जावं लागेल का? – नाशिक रोड

उत्तर : छे. डहाणू रोड स्टेशनपर्यंत लोकल जाते, २०१३ पासून. त्याला म्हणावं विरारच्या पुढे जाणारी डहाणू लोकल बघून बस, तुम्ही स्टेशनवर घ्या. गाड्या कमी आहेत, टाइमटेबल बघूनच निघ म्हणावं. येताना मुंबईहून काही आणू नको असं सांगायची गरज नाही, तो आणणारच, तुम्ही फक्त नाशिकचा चिवडा न्या.

प्रश्न : बोर्डीहून दमण जवळ आहे म्हणतात. येताना दोन बाटल्या आणल्या तर चालतं का? – नाव छापू नका

उत्तर : नाही चालत. बोर्डीच्या पुढे झाई, आणि झाई संपलं की गुजरात. दमणला तिकडून जायचं म्हणजे मधला रस्ता गुजरातचा, आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. डिकीत बाटली सापडली तर तुमची निवांत ट्रिप पोलीस स्टेशनात संपेल. तिकडे जायचंच असेल तर उदवाड्याला जा. पारशांचा इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथे आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, पण जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून एक फेरी मारून, जेवून परत या. डिकी रिकामी ठेवा, येताना चिकूची पेटी बसली पाहिजे.