स्पीकर पारखताना कोणते ध्वनिमुद्रण सोबत न्यावे?

प्रश्न : घरासाठी स्पीकरची चांगली जोडी घ्यायची आहे, म्हणून महाराणी रोडवरील तीन दुकाने फिरून आलो. प्रत्येक दुकानदाराने स्वतःच्या मोबाइलवरून ढोल-ताशांचा आणि नाचाच्या गाण्यांचा एकेक तुकडा मोठ्या आवाजात ऐकवला आणि त्या वेळी प्रत्येक जोडी उत्तमच वाटली. आमच्या घरी मुख्यतः शास्त्रीय गायन आणि जुनी भावगीते ऐकली जातात. पारख करण्यासाठी कोणती ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : प्रत्येक जोडी उत्तम वाटली, यात आपल्या कानांचा दोष नाही. तो तुकडा मुळात कसा वाजला होता हे आपल्याला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यात कमी काय आणि जास्त काय हे ठरवायला आधारच नव्हता. ध्वनिमुद्रणाची पारख स्पीकरवरून आणि स्पीकरची पारख ध्वनिमुद्रणावरून, अशा फेऱ्यात सगळेच सापडतात, हे ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी वारंवार दाखवून दिले आहे. सामान्य श्रोत्याला त्यातून बाहेर पडायचे असेल, तर जो नाद त्याने समोर बसून, ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकला आहे, त्याचेच ध्वनिमुद्रण मापासाठी घ्यावे. इंदूरच्या मराठी घरांतून अजूनही तानपुरा जुळवला जातो, भजनात टाळ वाजतात. हे नाद आपल्या कानांत मुरलेले आहेत आणि ते महागड्या परदेशी 'डेमो' संगीतापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

सुरुवात तानपुऱ्याने करावी. ख्यालाच्या आरंभी गायकाने षड्ज लावण्यापूर्वी अर्धा मिनिट नुसता तानपुरा वाजतो, असे ध्वनिमुद्रण निवडावे. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला असते. लहान स्पीकरला हा मूळ स्वर झेपत नाही, तरीही वरच्या अंशस्वरांवरून (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या बारीक उंच स्वरांवरून) आपला मेंदू तो भरून काढतो, म्हणून बासची (खालच्या स्वरांची) परीक्षा तानपुऱ्यावर होत नाही. त्याच्यावर परीक्षा होते ती मधल्या आणि वरच्या पट्ट्याची. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी (तारेचा खुला, झणझणता नाद) लागली की तार नुसती वाजत नाही, उघडते; त्या उघडण्यातला बारीक झणत्कार शेवटपर्यंत सुटा ऐकू येतो का, ते पाहावे. खर्जातून आपोआप उमटणारा गंधार, म्हणजे स्वयंभू गंधारही शोधावा. ज्या स्पीकरमध्ये बास फुगवलेला असतो, त्यात हा गंधार बुडून जातो आणि तानपुरा दूरच्या पंख्यासारखा घुमत राहतो. आमच्या शेजारी देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांचा तानपुरे जुळवण्याचा आग्रह सर्वश्रुत आहे. त्यांच्या मैफलीचे स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळाले, तर तानपुरे वेगवेगळे ओळखू येतात की त्यांचा एकच गोळा होतो, हेही कळेल.

बाससाठी डग्गा घ्यावा, आणि तोही विलंबित लयीतला. उस्ताद अमीर खाँ यांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल या कामाला फार चांगला, कारण ठेका साधा असतो आणि दोन आघातांमध्ये इतकी जागा असते की प्रत्येक घुमक कशी विरते ते ऐकता येते. तळहाताच्या दाबाने डग्ग्याचा स्वर किंचित चढतो-उतरतो. चांगल्या स्पीकरवर ही मींड स्पष्ट कळते, तर फुगवलेल्या बासवर प्रत्येक आघात सारखाच 'धप्प' होतो. मंद्र सप्तकात उतरणारा त्यांचा आवाज भरदार तरीही मोकळा वाटला पाहिजे. तो डब्यातून आल्यासारखा वाटला, तर ती जोडी तिथेच सोडावी. जुन्या टेपची सरसर ऐकू आली म्हणून स्पीकरला नावे ठेवू नयेत, कारण जो स्पीकर ती पूर्णपणे झाकतो तो जवारीचाही वरचा भाग झाकत असतो.

यानंतर नुसते बोलणे ऐकावे. हा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो, पण बीबीसीच्या अभियंत्यांनीही आपले मॉनिटर (ध्वनिमुद्रण पारखण्याचे) स्पीकर घडवताना मानवी बोलण्याचा आधार घेतला होता. घरातील कोणाला तरी मोबाइलसमोर हातभर अंतरावर बसवून एक उतारा वाचायला सांगावा आणि ते ध्वनिमुद्रण दुकानात न्यावे. त्या आवाजाचे मूळ आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मराठीची इथे मोठी मदत होते : 'चंद्र'मधला च आणि 'चांदणे'मधला च यांतला फरक वरच्या पट्टीतल्या बारीक घर्षणात असतो. मंद स्पीकरवर दोन्ही जवळ येतात, तर वरची पट्टी चढवलेल्या स्पीकरवर प्रत्येक स आणि श कानाला टोचतो.

जुनी भावगीते बहुधा मोनो आहेत, म्हणून ती परीक्षेला निरुपयोगी समजू नयेत. दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच येत असल्यामुळे गाणारी व्यक्ती बरोबर मध्यभागी उभी राहिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी नव्या जोडीवर अमीर खाँ यांचा मारवा लावला, तेव्हा आवाज मध्ये न थांबता दोन्ही बाजूंना पसरला आणि डग्गा पातळ झाला. दुकानाने पाठवलेल्या माणसाने एका स्पीकरची लाल आणि काळी तार उलटी जोडली होती. पडदे एकमेकांविरुद्ध हलत होते, त्यामुळे खालचे स्वर एकमेकांना मारत होते. तार सुलट केली आणि मारव्याचा कोमल रिषभ जागेवर आला. त्याआधीचे दोन दिवस मी स्पीकर परत करण्याच्या विचारात घालवले होते, याचे आजही वाईट वाटते.

दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना आवाज समान ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'अधिक चांगला' वाटतो. इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करण्याची सोय) बंद करायला सांगावा आणि सीडीवरून घेतलेली मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये न्यावी. वारंवार दाबलेल्या एमपीथ्रीमध्ये टाळांचा नाद पाण्यासारखा सळसळतो आणि तो दोष आपण उगाच स्पीकरच्या माथी मारतो. शेवटचा निर्णय घरीच करावा : बारा फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतो, तिथे उत्तम स्पीकरचा डग्गाही बेताल वाटू शकतो. अशा वेळी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आणून पुन्हा ऐकावे.

प्रश्न : मुलगी गाणे शिकते, तिच्यासाठी हेडफोन घ्यायचा आहे. तोही याच ध्वनिमुद्रणांवर तपासता येईल का? (एक पालक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : होय, मात्र अपेक्षा थोडी बदलावी लागेल. हेडफोनमध्ये खोली नसते, त्यामुळे मोनो आवाज समोर नव्हे तर डोक्याच्या आत मध्यभागी येतो. तो एका बाजूला झुकला, तर हेडफोन उलटा घालून तेच पुन्हा ऐकावे : झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा, आणि त्याच बाजूला राहिला तर कान तपासून घ्यावेत. कानाभोवतीची गादी नीट टेकली नाही तर बास गळतो, म्हणून मुलगी चष्मा लावत असेल तर चष्म्यासहच ऐकू द्यावे.

तिच्यासाठी एक परीक्षा खास आहे. आपला कान साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि अनेक हेडफोन नेमका तिथेच उठाव देतात. 1929 मध्ये याच इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांचे तारसप्तकातले एखादे गाणे वीस मिनिटे, माफक आवाजात, पुन्हा पुन्हा ऐकावे. पहिल्या पाच मिनिटांत जे 'स्पष्ट' वाटते ते विसाव्या मिनिटाला कान दुखवत असेल, तर रोजच्या रियाजासाठी तो हेडफोन घेऊ नये.

प्रश्न : गाण्यांऐवजी चाचणीचे शुद्ध स्वर वापरले तर? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : खालून वर चढत जाणारा शुद्ध स्वर खोलीतली घुमक आणि स्पीकरच्या खोक्याची खडखड पटकन उघडी पाडतो, तेवढ्यापुरता जरूर वापरावा. आवाज मात्र बोलण्याइतकाच ठेवावा, कारण वरच्या टोकाचा स्वर कानाला फारसा मोठा वाटत नाही, म्हणून आपण तो वाढवत जातो आणि ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) जळतो. जवारी किंवा च यांच्याबद्दल हा स्वर काहीच सांगत नाही, तेव्हा तो वाजवून झाल्यावर तानपुरा लावावाच.