सोलापुरात मुलीच्या 10 मीटर नेमबाजीसाठी एअर रायफल घ्यायची आहे. काही हजारांची आणि लाखांच्या घरातली यांत नेमका फरक काय?

किमतीतला फरक मुख्यतः नळी, ट्रिगर आणि हवेचा दाब स्थिर राखणारा रेग्युलेटर यांत असतो, बाहेरच्या झळाळीत नव्हे. स्प्रिंगची स्वस्त रायफल प्रत्येक गोळीला झटका देत असल्यामुळे तिच्यावर नवशिक्या मुलीला स्वतःची चूक आणि रायफलची चूक वेगळी करता येत नाही, आणि मला हाच अशा रायफलीचा सर्वांत मोठा तोटा वाटतो. शक्यतो दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी घ्यावी.

घेण्यापूर्वी रायफल टेकूवर ठेवून एकाच टार्गेटवर पाच गोळ्या माराव्यात. चांगल्या नळीची पाचही छिद्रे एकमेकांत मिसळून एकच फाटके भोक दिसते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 0.5 मिलिमीटरचे असल्याने ही कसोटी टाळू नये. ट्रिगरचा पहिला टप्पा संपल्यावर बोटाला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे.

जुनी घेताना सिलिंडरवरील उत्पादनवर्ष अवश्य वाचावे, कारण स्पर्धेत साधारण दहा वर्षांपर्यंतचेच सिलिंडर चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा भरलेले सिलिंडर बंद गाडीत कधीही ठेवू नये.

नळीचा आतला व्यास 4.5 मिलिमीटर आणि गोळीची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही.