एबीएस-ईएससीचे दिवे मधूनच लागतात? आधी कोड लिहून घ्या

पाऊस लागला की एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे एकदम पेटतात, गाडी बंद करून परत चालू केली की जातात, आणि सर्व्हिस सेंटरवाले 'आता काही दिसत नाही' म्हणून गाडी परत देतात. तुम्ही लिहिलेलं हे शब्दन् शब्द माझ्या गाडीचं होतं, २०२१ च्या पावसाळ्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅटरी, फ्यूज, टायरमधली हवा तुम्ही पाहिलीच असेल, त्यात शिरत नाही. फक्त एक सांगतो, सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी चालवू नका, तिथेच थांबवा. नुसते पिवळे दिवे असतील तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं जाम होऊ शकतात. अंतर ठेवून चालवा.

दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असं नसतं. ईएससीला चारही चाकांचा वेग एबीएसच्याच सेन्सरांकडून कळतो. एका चाकाचा सेन्सर गप्प झाला की दोन्ही यंत्रणा बंद पडतात, काही गाड्यांत चढावर गाडी मागे घसरू न देणारं हिल होल्डसुद्धा.

मला सगळ्यात महाग पडलं ते कोड पुसणं. कोड म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवून ठेवलेला बिघाडाचा क्रमांक. पहिल्या खेपेला त्यांनी स्कॅनर लावला, दहा मिनिटांत 'क्लिअर केलंय' म्हणून चावी हातात दिली. कुठला कोड होता हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा थेट निकाल, एबीएसचं युनिटच गेलंय. ३७,००० रुपये भरले. नवव्या दिवशी इथे गोव्यात रायबंदरला फेरीबोटीच्या रांगेत गाडी वळवताना दोन्ही दिवे परत लागले. पावती काढून पाहिली तर तिच्यावर कोडचा आकडा कुठेच नाही. कशाच्या आधारावर युनिट बदललं, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी बिघाड सापडला तो साखळी गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला. त्याने काहीही पुसायच्या आधी कोडचा फोटो काढला. माझ्या गाडीत सी००३५ होता, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग. मग स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावून मला मोकळ्या जागेत गोल फिरायला सांगितलं. तीन चाकं १५ च्या आसपास, चौथं १५, १५, शून्य, १५. आणि शून्य दर वेळी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे नेल्यावरच. चाक काढलं. सेन्सरची वायर शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरच्या रबरात अडकवलेली असते, तिथे ती वरून अगदी धड दिसत होती. त्याने दोन बोटांत धरून वाकवली, तर तेवढाच भाग भिजलेल्या सुतळीसारखा मऊ. वरचं आवरण चिरलं तर आत तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी होती. वायरीसकट नवा सेन्सर २,२०० आणि मजुरी ५००. तिथे जोड मारून भागवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती वायर प्रत्येक वळणावर वाकते, जोड टिकत नाही.

आपल्याकडे हे जास्त का होतं, तर भरतीच्या वेळी फेरीच्या धक्क्यावर पुढची चाकं खाऱ्या पाण्यात जातात. मी डिचोलीहून मये-चोडण मार्गे रोज तसाच जायचो. वर चार महिने पाऊस आणि लाल चिखल. सेन्सर बसतो त्या भोकात गंज फुगला की सेन्सर किंचित वर उचलला जातो, चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या रिंगवरून तो वेग ओळखतो तिच्यापासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल कमजोर होतो. अगदी हळू थांबताना कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरत असेल, तर मला आधी याचाच संशय येईल.

अलीकडे चाकाचं बेअरिंग बदललंय का? बऱ्याच गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. बेअरिंग उलटं बसवलं तर सेन्सर नवा घालूनही उपयोग नाही. खड्ड्यांमुळे आपण बेअरिंग बदलतो वरचेवर, आणि हातोडीने ठोकून बसवणारे कमी नाहीत. हल्लीच्या सेन्सरांवर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजूनही काही कळत नाही, ती जुन्या कॉइलवाल्या सेन्सरांची पद्धत. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीला जोडून मोबाइलवर कोड दाखवणारे छोटे स्कॅनर) बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतात, एबीएसपर्यंत पोचत नाहीत. त्यावर 'नो फॉल्ट' आलं म्हणून निश्चिंत राहू नका. आणि दिवे अलाइनमेंट केल्यानंतर सुरू झाले असतील तर माझी गोष्ट बाजूला ठेवा, आधी स्टेअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन तपासून घ्या.

मी मेकॅनिक नाही, तुमची गाडी मी पाहिलेली नाही, कोडचे अर्थही कंपनीप्रमाणे थोडे बदलतात. पण युनिट बदलायला होकार देण्याआधी कोड आणि चार चाकांचे वेग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाही दाखवले तर गाडी तशीच तिथून परत आणा.

पुढच्या वेळी दिवे लागले की दोन गोष्टी टिपून इथे लिहा: स्टेअरिंग कुठल्या बाजूला होतं आणि वेग किती होता. आणि तुमची गाडीही फेरीवर चढते का?